नॉमिनी नोंदलेला असतानाही बँक ठेव देत नसेल तर

खानापूर तालुक्यातील एका वाचकाने विचारलेल्या प्रश्नाचा सारांश असा. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या वडिलांचे मिरजेच्या रुग्णालयात निधन झाले. बेळगाव शहरातील एका मोठ्या बँकेत त्यांचे बचत खाते आणि एक मुदत ठेव होती आणि दोन्हींवर आईचे नाव नॉमिनी म्हणून लावलेले होते. कागदपत्रे देऊन काही महिने उलटले तरी पैसे मिळालेले नाहीत. शाखेत प्रत्येक वेळी निराळा अधिकारी भेटतो आणि निराळा कागद मागतो: एकदा नाडकचेरीची (कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालयाची) वंशावळ, एकदा कोर्टाचा वारसा दाखला, एकदा दोन जामीनदार, तर एकदा महाराष्ट्रातील मृत्यू दाखल्याचे नोटरीकडून केलेले भाषांतर. टोल-फ्री क्रमांकावर मुलाने तक्रार नोंदवली, तर दोन दिवसांनी ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश आला. सर्व फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत असल्याने आईला काहीच समजत नाही. अशा स्थितीत घरातील सगळीच खाती बंद करून टाकावीत काय आणि हा प्रकार वर्तमानपत्रात द्यावा काय, असे त्यांनी विचारले आहे.

बँकेच्या नोकरीत मी काउंटरच्या आतल्या बाजूला आयुष्य काढले आणि आता निवृत्तीनंतर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील ठेवीदारांना अर्ज लिहून देण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो की आपला राग रास्त आहे, पण आजवर तो बहुतेक तोंडीच व्यक्त झालेला असल्यामुळे बँकेच्या दफ्तरी त्याची नोंद जवळजवळ नाही. मोठी बँक कागदावर चालते. काउंटरवर झालेला वाद संध्याकाळी पाच वाजता संपतो, परंतु तारीख आणि शिक्का असलेला अर्ज शाखाधिकाऱ्याची बदली झाली तरी टेबलावर राहतो आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यालाही त्याचे उत्तर द्यावे लागते. म्हणून पुढे जे सांगणार आहे त्याचा सारा रोख, आपले गाऱ्हाणे तोंडातून कागदावर कसे आणावे याकडेच आहे.

प्रथम मागितलेल्या कागदांचा विचार करू, कारण त्यांतील बहुतेक मागण्या नियमबाह्य आहेत आणि एखादी मात्र वाजवी असू शकते. खात्यावर वैध नॉमिनेशन असेल तर नॉमिनीला रक्कम देऊन बँक आपल्या देण्यातून कायदेशीररीत्या मोकळी होते, ही तरतूद बँकिंग नियमन कायद्यातच आहे. याच आधारावर रिझर्व्ह बँकेने २००५ सालीच बँकांना बजावले होते की नॉमिनी असलेल्या खात्यात रक्कम कितीही असो, वारसा प्रमाणपत्र, प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाने दिलेले प्रमाणन), हमीपत्र किंवा जामीनदार मागणे अनावश्यक आहे. बँकेने पाहायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: खातेदाराचे निधन झाल्याचा पुरावा, नॉमिनीची ओळख आणि रक्कम देण्यास मनाई करणारा न्यायालयाचा आदेश नसणे. पूर्ण कागदपत्रांसह दावा मिळाल्यापासून तो निकाली काढण्यास १५ दिवसांची मुदतही तेव्हापासूनच आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने मृत ग्राहकांच्या दाव्यांविषयी नवे एकत्रित निर्देश काढले. ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात आणावयाच्या त्या निर्देशांत १५ दिवसांची मुदत कायम आहे, आणि बँकेच्या दोषामुळे विलंब झाल्यास त्या काळासाठी बँक रेटपेक्षा (रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या दरापेक्षा) वार्षिक ४ टक्के अधिक दराने भरपाई देण्याची तरतूद आहे.

वंशावळ आणि वारसा दाखला यांचा प्रश्न नॉमिनी नसलेल्या खात्यांत येतो. आपल्या भागात जमिनीच्या उताऱ्यावर वारस लावण्यासाठी नाडकचेरीतून वंशावळ काढावीच लागते. बँकेतील नवख्या अधिकाऱ्याच्या डोक्यात ‘मयत म्हणजे वंशावळ’ हे समीकरण तिथूनच बसते आणि तो सर्वांनाच सरसकट ती मागू लागतो. तो मुद्दाम त्रास देतो असे मला वाटत नाही. चुकीच्या माणसाला पैसे गेले तर चौकशी आपल्यावर येईल, या भीतीने तो एक कागद जास्तच मागतो. पण त्याची भीती ही आपल्या आईची अडचण होऊ शकत नाही, आणि ‘हा कागद कोणत्या नियमाने लागतो ते लेखी द्या’ असे नम्रपणे म्हटल्यावर अशा मागण्या बऱ्याचदा आपोआप मागे घेतल्या जातात.

मिरजेच्या दाखल्याबाबतही तेच. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा संपूर्ण देशासाठी आहे. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू घडला तिथेच होते आणि त्या निबंधकाने दिलेला दाखला कर्नाटकातील शाखेतही तितकाच ग्राह्य असतो. सीमाभागातील रुग्ण मिरज, कोल्हापूर किंवा गोव्याला जात असल्याने असे दाखले आपल्याकडील शाखांत नेहमी येतात. महाराष्ट्रातील दाखला बहुधा मराठी आणि इंग्रजी असा दोन्ही भाषांत छापलेला असतो. आपला तसाच असेल, तर भाषांतराची मागणी केवळ कागद न वाचता केलेली आहे, असे समजावे आणि इंग्रजी मजकुरावर बोट ठेवून दाखवावे.

एक गोष्ट मात्र आपण स्वतः तपासा. जुन्या खात्यांत नावे आद्याक्षरांनी लिहिण्याची पद्धत आपल्या भागात सर्रास होती. पासबुकावर ‘पी. एम. पाटील’, आधारवर संपूर्ण नाव आणि मृत्यू दाखल्यावर आडनाव आधी, असे तीन कागदांवर तीन अवतार असतील तर बँक ‘ही एकच व्यक्ती’ असल्याचे प्रतिज्ञापत्र मागू शकते, आणि ती मागणी वाजवी आहे. त्यावर वाद घालण्यात आठवडे घालवू नका. नोटरीसमोर केलेले साधे प्रतिज्ञापत्र देऊन तो मुद्दा कायमचा मिटवा, म्हणजे पुढे बँकेच्या हाती सबब उरत नाही.

दुसरी तपासणी नॉमिनेशनच्या नोंदीची. आपण बँकेचे नाव कळवले नाही, ते बरेच झाले. परंतु खाते पूर्वी दुसऱ्या बँकेचे होते आणि नंतर विलीनीकरण झाले, असे आपल्या पत्रात आहे. २०१९ मध्ये विजया बँक, बँक ऑफ बडोदात गेली आणि १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, तर कॉर्पोरेशन बँक आणि आंध्र बँक युनियन बँकेत विलीन झाल्या, त्यामुळे कर्नाटकात असंख्य खात्यांच्या शाखा आणि आयएफएससी कोड बदलले. कोणत्याही विलीनीकरणात शिल्लक रक्कम नव्या संगणकप्रणालीत सहसा बिनचूक येते, परंतु पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कागदी फॉर्मवर दिलेल्या नॉमिनीची नोंद येईलच असे नाही, आणि स्क्रीनवर तो रकाना रिकामा दिसला की अधिकारी ‘नॉमिनी नाही’ असे सांगून मोकळा होतो. नॉमिनेशनसाठी असलेल्या डीए-१ या फॉर्मची पोच देणे बँकेवर बंधनकारक आहे. ती पोच किंवा ठेव पावतीवर अथवा पासबुकावर ‘नॉमिनेशन नोंदवले’ असा शिक्का असेल, तर त्याची छायाप्रत अर्जाला जोडा. संगणकात नोंद नसणे ही बँकेच्या दफ्तराची त्रुटी आहे, त्यामुळे आपले नॉमिनेशन नाहीसे होत नाही. जुना फॉर्म शोधून काढणे हे त्यांचे काम आहे. खरोखरच नॉमिनी नसल्याचे निष्पन्न झाले, तरीही २०२५ च्या निर्देशांत व्यापारी बँकांसाठी १५ लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांना सोपी पद्धत ठेवलेली आहे, तेव्हा कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी तिची मागणी करावी.

आता अर्जाविषयी. आपण आजवर केलेली तक्रार मुलाच्या नावाने आहे. दावेदार आई आहे. त्यामुळे पुढचा प्रत्येक कागद आईच्या नावाने आणि आईच्या सहीने जाऊ द्या, अन्यथा ‘तक्रारदाराचा खात्याशी संबंध नाही’ एवढ्याच कारणाने तो बाजूला पडेल. सही मराठीत असली तरी चालते. ती इंग्रजीत केली पाहिजे किंवा नाहीतर अंगठा उठवला पाहिजे, असे कोणी सांगत असेल तर तो त्या व्यक्तीचा समज आहे, नियम नव्हे. मजकूर साधारण असा असावा:

“माझे पती … यांचे दिनांक … रोजी मिरज येथे निधन झाले. आपल्या शाखेतील बचत खाते क्रमांक … आणि मुदत ठेव क्रमांक … यांवर नॉमिनी म्हणून माझे नाव नोंदलेले आहे. दावा अर्ज, मृत्यू दाखला, माझे ओळखपत्र आणि मूळ ठेव पावती मी दिनांक … रोजी सादर केली आहे. यांखेरीज अन्य कोणता कागद आवश्यक असल्यास तो कोणत्या नियमानुसार लागतो हे मला लेखी कळवावे. अन्यथा दोन्ही रकमा माझ्या खाते क्रमांक … मध्ये जमा कराव्यात आणि १५ दिवसांच्या मुदतीनंतर झालेल्या विलंबाची भरपाई द्यावी.”

एवढे पुरे आहे. कोणत्या अधिकाऱ्याने कसा चेहरा केला, किती वेळ उभे केले, चहाच्या सुट्टीत काउंटर कसे रिकामे होते, हे सर्व खरे असले तरी या अर्जात नको, कारण वाचणारा नेमका त्याच भागाचे उत्तर देतो आणि पैशाचा मुद्दा तसाच राहतो. अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर तारखेसह शाखेचा शिक्का घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता तोच अर्ज पोस्टाने, पोच मिळेल अशा पद्धतीने शाखाधिकाऱ्यांच्या नावे पाठवा आणि त्याची एक प्रत बँकेच्या तक्रार विभागाला ई-मेलने द्या. शाखेत तक्रार वही असावी लागते आणि तिची पोच-प्रत ग्राहकाला द्यावी लागते, हेही लक्षात ठेवा. मात्र ती वही मागितल्यावर ड्रॉवरमध्ये शोधाशोध सुरू होते, हे मी आतून पाहिलेले आहे, म्हणून माझा भर पोस्टावर.

‘तक्रारीचे निवारण झाले’ हा जो संदेश आपल्याला आला, त्याने सर्वाधिक चीड आणली असणार. कॉल सेंटरवरील तक्रार शाखेकडे जाते. शाखेतील कोणीतरी ‘ग्राहकाला आवश्यक कागद कळवले’ असा शेरा मारतो आणि प्रणालीत ती बंद होते. आपल्या दृष्टीने तो खोटेपणा आहे, परंतु त्या संदेशाचा एक उपयोगही आहे: तो बँकेने दिलेला प्रतिसाद ठरतो, म्हणून तो पुसू नका, त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. बहुतेक ग्राहकांना ठाऊक नसलेली आणखी एक व्यवस्था म्हणजे बँकेतला अंतर्गत लोकपाल. मोठ्या बँकांनी एखादी तक्रार पूर्णतः किंवा अंशतः फेटाळायची ठरवली, तर अंतिम उत्तर देण्यापूर्वी ती या अंतर्गत लोकपालाकडे स्वतःहून पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. ग्राहकाला त्याच्याकडे थेट जाता येत नाही. पण नकाराचे पत्र आले की ‘हा निर्णय अंतर्गत लोकपालांनी तपासला आहे काय’ असे एका ओळीत विचारता येते, आणि तो तपासलेला नसेल तर फाइल पुन्हा उघडली जाऊ शकते.

बँकेला लेखी तक्रार पोचल्यापासून ३० दिवस थांबावे लागते. या काळात उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी निकाली काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. घाई करून विसाव्या दिवशी पाठवलेली तक्रार केवळ मुदतीच्या कारणाने परत येते, आणि शाखेला लिहिलेल्या पत्राची प्रत ‘माहितीसाठी’ रिझर्व्ह बँकेला पाठवली तर तीही तक्रार मानली जात नाही. आपल्या भागातील अनेकांची प्रकरणे या दोन गोष्टींवर अडलेली मी पाहिली आहेत. उशिराची मर्यादाही आहे: २०२१ च्या लोकपाल योजनेत ती बँकेचे उत्तर आल्यापासून एक वर्ष अशी ठेवली गेली, तेव्हा तक्रारीपूर्वी सध्याची मुदत तपासून घ्या.

१२ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत आधीची क्षेत्रनिहाय विभागणी गेली. पूर्वी बेळगावच्या ग्राहकाला बेंगळूरच्या कार्यालयाकडे पाहावे लागे. आता सर्व तक्रारी रिझर्व्ह बँकेच्या तक्रार व्यवस्थापन प्रणालीच्या संकेतस्थळावर किंवा चंडीगड येथील केंद्रीकृत स्वीकृती व प्रक्रिया केंद्राच्या पत्त्यावर जातात, शुल्क काहीही नाही आणि वकिलाची गरज नाही. उलट वकिलामार्फत केलेली तक्रार, तो वकील स्वतः पीडित ग्राहक नसेल तर, योजनेत स्वीकारली जात नाही. आईच्या वतीने मुलगा अधिकृत प्रतिनिधी म्हणून काम पाहू शकतो, फक्त तसे अधिकारपत्र जोडावे. चौकशीसाठी १४४४८ हा टोल-फ्री क्रमांक असून त्यावर मराठीतही बोलता येते. तक्रार लोकपालाकडे नोंदली गेली की बँकेला सामान्यतः १५ दिवसांत आपले म्हणणे मांडावे लागते. माझा अनुभव असा की शाखेत महिनोन्‌महिने न हललेला कागद लोकपालाच्या पत्रानंतर प्रादेशिक कार्यालयातून फोन येऊन हलू लागतो. तरीही फोनवरच्या आश्वासनावर तक्रार मागे घेऊ नका. रक्कम खात्यात दिसल्यावरच संमती द्या. २०२१ च्या योजनेत प्रत्यक्ष नुकसानीसाठी २० लाख रुपयांपर्यंत आणि वेळ, खर्च व मनस्ताप यांपोटी १ लाख रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार लोकपालाला दिला गेला. मनस्तापाची रक्कम मागायची असेल तर तक्रारीतच मागावी, आणि ती मागताना खानापूरहून येण्या-जाण्याच्या खर्चाचा साधा तपशील द्यावा.

भाषेच्या मुद्द्यावर मला स्पष्ट बोलले पाहिजे, कारण सीमाभागात हाच मुद्दा सर्वांत लवकर पेटतो आणि मूळ काम त्यात जळून जाते. छापील फॉर्म आणि सूचना हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक अशा तीन भाषांत ठेवाव्यात, असे रिझर्व्ह बँकेचे धोरण आहे, आणि कर्नाटकात ती प्रादेशिक भाषा कन्नड आहे. त्यामुळे मराठी छापील फॉर्म हा हक्क म्हणून मागितला तर हाती काही लागणार नाही. याउलट, आपला स्वतःचा अर्ज आपण मराठीत लिहू शकता, आणि लोकपालाच्या चंडीगड केंद्राकडे टपालाने किंवा ई-मेलने येणारी तक्रार कोणत्याही भाषेत स्वीकारली जाते, हे रिझर्व्ह बँकेने योजना सुरू करतानाच जाहीर केलेले आहे. मी स्वतः मराठी अर्जाच्या खाली चार ओळींचा इंग्रजी सारांश जोडायला सांगतो, कारण शाखेतला अधिकारी आज केरळचा, उद्या बिहारचा असतो आणि त्याला मराठी येत नाही तशी अनेकदा कन्नडही येत नाही. काउंटरवर भाषेवरून शब्दाला शब्द लागला, कोणी मोबाइल काढून चित्रण सुरू केले, की शाखा एका बाजूला, आपण दुसऱ्या बाजूला आणि ठेवीचा विषय कोणाच्याच लक्षात नाही, असे होते. मराठी भाषकांच्या हक्कांचा लढा जरूर चालावा, त्यासाठी निवेदने द्यावीत. मात्र आईच्या दाव्याचा कागद त्यात गुंतवू नये.

वर्तमानपत्राचा किंवा समाजमाध्यमांचा विचार करत असाल तर एक सावधगिरी. खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक किंवा तक्रार क्रमांक उघड टाकला की ‘आम्ही बँकेच्या मुख्यालयातून बोलतोय’ असे म्हणणारे फोन सुरू होतात, आणि त्रासलेला ग्राहक अशा फोनवर सहज विश्वास ठेवतो. शोधयंत्रावर सापडणारे ‘कस्टमर केअर’चे क्रमांकही तसेच धोक्याचे असतात. क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. कधी फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. त्याच ओघात आणखी एक: वडिलांचे एटीएम कार्ड घरात असेल आणि पिन ठाऊक असेल, तरी त्यातून पैसे काढू नका. निधनाच्या तारखेनंतरचा व्यवहार दिसला की सरळ दावाही वादग्रस्त होतो.

सरकारी बँक असेल तर केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार निवारण संकेतस्थळावर तक्रार करता येते आणि माहिती अधिकारात आपल्या दाव्यावरील शेरे मागता येतात. बेळगावला जिल्हा ग्राहक आयोगही आहे. परंतु एकाच विषयावर आयोगात किंवा न्यायालयात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते हाती घेत नाही, म्हणून क्रम आधी लोकपाल असाच ठेवावा.

राहिला प्रश्न सगळी खाती बंद करण्याचा. दाव्याची रक्कम आईच्या ज्या खात्यात जमा व्हायची आहे, ते खाते रक्कम येईपर्यंत हलवू नका. त्यानंतर बँक बदलायची असेल तर अवश्य बदला. मात्र आईच्या नावे गृहलक्ष्मीसारख्या योजनेचे २,००० रुपये आधारच्या आधारे थेट जमा होत असतील, तर ते पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. म्हणून आधी नव्या बँकेत खाते उघडून तिथे आधार जोडणीचा संमती अर्ज द्यावा, एक हप्ता तिथे आल्याची खात्री करावी आणि मगच जुने खाते बंद करण्याचा अर्ज, तोही पोच घेऊन, द्यावा.